एनर्व्हेट आणि आमचा पक्का हात

मुलांना शिकवताना उत्तर कधीही सांगून टाकू नये, असं माझं ठाम मत आहे, आणि हे मत मी मुलांना रोज सांगतो. मूल अडलं की आपण थांबावं. त्याला डोकं खाजवू द्यावं, पेन्सिल चावू द्यावी, खिडकीबाहेर बघू द्यावं. आपण नुसतं शेजारी बसावं. आमच्या इमारतीतली मुलं संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येतात, तेव्हा मी असाच बसतो. आमची ही म्हणते, "तुम्ही बसता खरे, पण तुमचे ओठ हलत असतात." बायकांना कुठल्याही तत्त्वात खोट काढायची सवय असते, म्हणून मी तिकडे लक्ष देत नाही.

तर त्या दिवशी नात शाळेतून आली ती मुठीत एक चिठ्ठी घेऊन. हिला घरात सगळे मुंगी म्हणतात. अंगापिंडानं लहान म्हणून नव्हे, आवाजामुळे. घरात ती नीट बोलते, अगदी भांडतेसुद्धा. पण चार परकी माणसं समोर आली की आवाज जो आत जातो, तो पाहुणे चपला घालेपर्यंत बाहेर येत नाही. मागच्या वर्षी शाळेत कविता म्हणायला उभी राहिली, स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली आणि तशीच खाली उतरली. तेव्हापासून वर्गातली दोनतीन कार्टी तिला "बंद रेडिओ" म्हणतात.

यंदा शाळेत शब्दांची सभा होती. बरणीतून प्रत्येकानं एक चिठ्ठी काढायची, चिठ्ठीत एक इंग्रजी शब्द, आणि पालकांनी भरलेल्या सभागृहात जाऊन त्या शब्दाचा अर्थ आणि जन्मकथा सांगायची. सोबत एखादी वस्तू करून दाखवायची. मुंगीच्या बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुझं नाव वगळू का? कुणाला कळणारही नाही." मुंगी "नको" म्हणाली. तो "नको" बाईंनी दुसऱ्यांदा म्हणवून घेतला, कारण पहिल्यांदा ऐकू आला नव्हता.

चिठ्ठीत शब्द होता, एनर्व्हेट.

"आजोबा, म्हणजे काय?"

"शोध," मी म्हणालो आणि शब्दकोश तिच्यापुढे सरकवला. इथपर्यंत सगळं माझ्या तत्त्वाप्रमाणे चाललं होतं, हे कृपया ध्यानात ठेवावं.

तिनं बोट फिरवत फिरवत शब्द शोधला. कमकुवत करणं, दम काढून घेणं. मग आम्ही दोघांनी मिळून त्याचं मूळ काढलं. लॅटिन भाषेत नर्व्हुस म्हणजे कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. ती बाहेर काढून घेणं म्हणजे एनर्व्हेट.

"कंडरा कुठं असते?"

मी तिला एका हातानं दुसरं मनगट धरायला लावलं आणि बोटं हलवायला सांगितली. "आत कुणी दोऱ्या ओढतंय असं वाटतं ना? त्याच त्या."

तिचे डोळे मोठे झाले. संध्याकाळभर ती स्वतःचं मनगट धरून फिरत होती. जेवताना चमचा पडला, पण मनगट सुटलं नाही.

"म्हणजे आजोबा, हात तसाच राहतो, पण आतल्या दोऱ्या काढून घेतात?"

"हो."

"मग हात काय करतो?"

"काहीच नाही."

"बिचारा," मुंगी म्हणाली.

मी ओघात तिला असंही सांगितलं की, नर्व्हस हा शब्द याच घराण्यातला. आज आपण घाबरलेल्या माणसाला नर्व्हस म्हणतो, पण जुन्या इंग्रजीत ज्याच्या कंडरा घट्ट, जो दमदार, त्याला नर्व्हस म्हणत. हे तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे. ती मनगट धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या नव्या बुटांच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्यावर आपला पंजा ठेवून पेन्सिलीनं कड काढली आणि कापला. सरबताच्या नळ्यांचे तुकडे करून बोटांवर चिकटवले, त्यांतून शिवणाचा दोरा ओवला, आणि मनगटापाशी पाची टोकं मोकळी सोडली. टोक ओढलं की बोट वाकायचं. चार बोटं बरोबर वाकत. अंगठा मात्र तिरका चिकटल्यामुळे उलट्या बाजूला वळायचा. माझे ओठ हलले असतील, पण मी बोललो नाही.

"छान झालाय," मी म्हणालो. "फक्त मागच्या रांगेला दिसणार नाही."

बास. एवढंच बोललो मी. पुढे जे झालं त्याचा उगम शोधायचा झाला तर या वाक्यात आहे, असं आमच्या हिचं म्हणणं. मला ते वाक्य आजही निरुपद्रवी वाटतं.

माझा बेत साधा होता. हात थोडा मोठा करायचा. हात मोठा झाला की लोक हाताकडे बघणार, मुंगीकडे बघणार नाहीत. हात मूठ वळणार, मग मुंगी कात्रीनं दोऱ्या कापणार, बोटं लुळी पडणार, शब्दाचा अर्थ आपोआप कळणार. पोरीला बोलावं लागणार नाही. तिला तो बेत सांगितला तेव्हा ती म्हणाली, "पण मी बोलणार आहे."

"बोल की," मी म्हणालो. "पण वेळ आलीच तर असावं."

मोठा पुठ्ठा हवा होता. फ्रीजचा पुठ्ठा वरच्या मजल्यावरच्या पूलवाल्यांकडे आहे, असं कळलं. हे गृहस्थ जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेले. त्यांना मी पुठ्ठा मागितला ही पहिली चूक, आणि कशाला हवा ते सांगितलं ही दुसरी.

"एनर्व्हेट? म्हणजे एनर्जी भरणं ना?"

"नाही हो, काढणं."

"अस्सं," ते म्हणाले. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. "पण पुठ्ठ्याचा कसा टिकणार? पाच दोऱ्यांचा ताण म्हणजे काय खेळ आहे? प्लायवूड घ्या. एकदाच करायचं तर पक्कं करायचं."

हे वाक्य मध्यमवर्गीय माणसापुढे कधी उच्चारू नये. आम्ही कपाट घेतो ते नातवंडांपर्यंत टिकेल असं, बूट घेतो ते झिजायच्या आत पाय थकतील असे. "एकदाच करायचं तर पक्कं" असं म्हटलं की आमच्या अंगात काहीतरी संचारतं. मी प्लायवूड आणलं. पूलवाल्यांनी कानामागची पेन्सिल काढून त्यावर आकृती काढली. हात माझ्या छातीपर्यंत आला.

"एवढा मोठा?" मुंगीनं विचारलं.

"मागच्या रांगेला दिसायला हवा ना?" पूलवाले म्हणाले. ते आता "आपला हात" असं बोलायला लागले होते.

करवतीचा आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधल्या फिजिओथेरपिस्टबाई आल्या. लोकांचे आखडलेले खांदे सोडवणं हा त्यांचा धंदा. आल्या त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रत्येक बोटाला एकच कंडरा? काका, हे मुलांना चुकीचं शिकवणं झालं. वाकवणारी वेगळी, उघडणारी वेगळी. आणि अंगठ्याला तीन पेरं कुणी दिली?"

"पूलवाल्यांनी."

"अंगठ्याला दोनच असतात!"

"तिसऱ्यानं मजबुती येते," पूलवाले गुरगुरले.

दोघांचं जुंपलं. मधे मी आणि मुंगी. शेवटी अंगठ्याची दोन पेरं ठरली, पण दोऱ्या दुप्पट झाल्या, आणि दुप्पट दोऱ्यांना शिवणाचा दोरा पुरेना. पूलवाल्यांचा पुतण्या डोंगरातले कडे चढतो. त्याच्या सामानातली दोरी त्यांनी आणली. बारीक, गुळगुळीत, निळ्या रंगाची.

"हिच्यावर माणूस लटकतो," ते अभिमानानं म्हणाले. "ही जन्मात तुटायची नाही."

आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं ती दोरी ओढून बघितली आणि माना डोलावल्या. वा, काय दोरी आहे! ही दोरी पुढे कापायची आहे, हे त्या खोलीत एकाही सुशिक्षित माणसाच्या मनात आलं नाही. मुंगी काहीतरी म्हणाली होती, पण तेव्हा फिजिओबाई ड्रिल मागत होत्या.

दोरी किती लांब लागेल ते काढायचं होतं. मी मुंगीचा लहान हात घेतला, त्याचे पाची दोरे हलकेच ओढून काढले, टेबलावर ओळीनं मांडले आणि पट्टी लावली. माप मिळालं. नंतर त्या दोऱ्यांचं काय झालं, कोण जाणे. आमच्या हिनं टेबल पुसलं असेल.

थोड्या वेळानं मुंगी पुठ्ठ्याचा हात घेऊन उभी राहिली. "आजोबा, ह्याचे दोरे?"

"मापाला घेतले गं राणी. आता आपला मोठा हात आहे ना?"

तिनं तो हात उचलून पाहिला, सोडून पाहिला, आणि दप्तरात ठेवला. मी त्या वेळी बिजागरी शोधत होतो.

हात तयार झाला तेव्हा तो घराच्या दारातून बाहेर निघेना. दार काढावं, की हात उघडावा, यावर चर्चा झाली. शेवटी फिजिओबाईंनी दोऱ्या ओढून हाताची मूठ करवली आणि मूठ आडवी करून बाहेर काढली. "बाळंतपणात सुद्धा असंच करतात," त्या म्हणाल्या. हे ऐकून पूलवाले थोडा वेळ जिन्यात जाऊन उभे राहिले.

लिफ्टपाशी सेक्रेटरी भेटले. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी वाईट मनुष्य नव्हेत. फक्त नियम हे त्यांचे नातलग आहेत.

"हे काय आहे?"

"हात."

"ते दिसतंय. सामान आहे की काय आहे? लिफ्टमध्ये सामान चालत नाही."

"शैक्षणिक साहित्य आहे."

"मग शाळेचं पत्र?"

पत्र नव्हतं. म्हणून सभेच्या दिवसापर्यंत हात जिन्याच्या वळणावर ठेवायचा ठरला. तिथं एक दोरी कुठं अडकली, कळलं नाही, पण चार बोटं मिटली आणि तर्जनी तेवढी ताठ राहिली. आणि ती नेमकी सेक्रेटरींच्या दाराकडे रोखलेली. सकाळी दार उघडल्याबरोबर माणसाला छातीएवढ्या हाताचं बोट दिसलं तर तो मनाला लावून घेणारच. त्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू जाता जाता म्हणाल्या, "पाण्याची टाकी कधी धुणार, ते विचारतंय वाटतं." दुपारपर्यंत फलकावर सूचना लागली की, सामाईक जागेत कुणाकडेही निर्देश करणारी वस्तू ठेवू नये. मी बोट मिटवायला गेलो तर तर्जनी मिटली आणि मधलं बोट उघडलं. मी घाईघाईनं त्यावर चादर टाकली.

इकडे मी मुंगीचं भाषण लिहीत होतो. तिनं स्वतः चार ओळी लिहिल्या होत्या, त्या मी जरा सुधारल्या. सुधारता सुधारता त्या माझ्या झाल्या. मग वाटलं, एवढं लांब तिच्या लक्षात कसं राहणार? म्हणून मी ते माझ्याच आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित केलं. मधे मधे थांबून, गंभीर स्वरात. चांगलं झालं होतं. मी ते सगळ्यांना ऐकवलं.

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, मग मुंगीनं काय करायचं?"

"कात्री चालवायची," मी म्हणालो.

मुंगी काही बोलली नाही. ती न बोलण्याबद्दल प्रसिद्धच होती, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही.

सभेच्या दिवशी टॅक्सीत हात मावला, पण बोटं उजव्या खिडकीतून बाहेर राहिली. रस्ताभर मागच्या गाड्या थांबत होत्या. त्यांना वाटे, टॅक्सी वळतेय. टॅक्सी वळेना, त्या पुढे जाईनात. चौकातल्या पोलिसानं आम्हांला बाजूला घेतलं आणि खाली वाकून विचारलं, "हात कुणाचा?"

मुंगी आणि मी मागच्या सीटवर तळव्याखाली चेपलो होतो. "माझा," ती म्हणाली. अगदी स्पष्ट म्हणाली. पोलिसानं तिच्याकडे, मग हाताकडे पाहिलं आणि जायला सांगितलं. माझ्या मनात आलं, परक्या माणसापुढे पोरीचा आवाज निघाला! पण लगेच मला दोऱ्या तपासायच्या होत्या.

शाळेच्या फाटकाशी कारकून टेबल मांडून बसले होते. त्यांनी आधी माझा फोन मागितला. सभागृहात फोनला बंदी.

"अहो, पण त्यात भाषण आहे!"

"कुणाचं?"

"माझं. म्हणजे तिचं."

"तिचं असेल तर तिच्याकडे असेल," असं म्हणून त्यांनी फोन खोक्यात टाकला. मग पिशवीतली शिवणाची मोठी कात्री काढली. अणकुचीदार वस्तूंना बंदी. त्याऐवजी त्यांनी शाळेची कात्री दिली. पिवळी, प्लास्टिकची, गोल टोकाची, बालवर्गातली मुलं चिकटपट्टीशी झगडतात तसली.

मी धीराचा माणूस आहे, पण ती कात्री मी तीनदा उघडून मिटून पाहिली. मुंगीनं माझा हात धरला.

"आजोबा, मी बोलते ना."

"बघू, बघू," मी म्हणालो. हे तिला धीर द्यायला म्हणालो, असं मला तेव्हा वाटलं.

सभागृह भरलेलं होतं. आमची ही, मुलगा, सून पुढे बसली होती. पूलवाले आणि फिजिओबाई सुद्धा आपला हात बघायला आले होते, आणि दोघांच्या मधे चक्क सेक्रेटरी. मी टेबलाखाली लपलो. टेबलावर हात, हातावरून खाली सोडलेल्या दोऱ्या माझ्या मुठीत, भोवती चादर. मुंगी बाजूला पिवळी कात्री घेऊन उभी.

"माझा शब्द एनर्व्हेट," ती म्हणाली. चादरीतून मला जेमतेम ऐकू आलं. पुढे काही आवाज येईना. ती बुटांकडे बघत असणार, हे मला टेबलाखालूनही कळलं. मी घाबरून सगळ्या दोऱ्या ओढल्या. हातानं मूठ वळली. टाळ्या पडल्या. बेत सुरू झाला!

"काप," मी कुजबुजलो.

कचकच आवाज आला. पुन्हा आला. ती कात्री दोरीला चावत होती, कापत नव्हती. लोक हसायला लागले. त्यातच पूलवाल्यांचा आवाज आला, "तुटायची नाही! सांगितलं होतं मी!" त्या आवाजात इतका निखळ आनंद होता की, मला त्यांचा रागही येईना.

"मनगटापाशी काप गं!" फिजिओबाई ओरडल्या.

आता मला टेबलाखाली राहवेना. उठलो, तर डोकं टेबलावर आपटलं. चादर अंगावर घेऊनच बाहेर आलो, आणि एवढ्या माणसांसमोर ती दोरी दातांत धरून ओढली. वरचा एक दात पूर्वीपासून जरा सैल होता, तो कुरकुरला. दोरी हूं की चूं करेना. मी कात्री घेतली, पिवळ्या कात्रीचं एक पातं निखळून पहिल्या रांगेत जाऊन पडलं. मी हाताचं बोट धरून मागे वाकवलं. बोट सुटून परत आलं आणि माझ्या कोटाची बाही मुठीत सापडली. एक हात अडकलेला, दुसऱ्यात अर्धी कात्री, खांद्यावर चादर, अशा थाटात मी पालकवर्गासमोर उभा होतो. सभागृह खदाखदा हसत होतं. सेक्रेटरी रुमालानं डोळे पुसत होते.

फिजिओबाई धावत वर आल्या, त्यांनी माझी बाही सोडवली, आणि मी व्यासपीठाच्या पायरीवर मटकन बसलो. माझ्या मनात एकच विचार होता. मी पोरीचं वाटोळं केलं. आता "बंद रेडिओ" हे नाव शाळा सुटेपर्यंत पाठ सोडणार नाही.

तेवढ्यात मुंगी पुढे आली. तिनं पिनाफोरच्या खिशातून काहीतरी काढलं. बुटांच्या खोक्याचा तो लहान हात.

"हा मी केला होता," ती म्हणाली. आवाज लहानच होता, पण लोक हसायचे थांबले, कारण न थांबले तर ऐकू येत नव्हतं. "हा फाटलेला नाही. बोटं पाच आहेत. अंगठा तिरका आहे, पण तो आधीपासून तिरका आहे. ह्याला कुणी मारलं नाही, मोडलं नाही. फक्त मोठ्या हाताचं माप घ्यायला माझ्या आजोबांनी ह्याचे आतले दोरे काढले."

सभागृहातलं प्रत्येक डोकं माझ्याकडे वळलं. "काढले" हे अगदी खरं होतं. तरी तिनं "घेतले" म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं.

"आता हा असा आहे." तिनं हात उचलला आणि सोडला. तो टेबलावर पट्कन पडला. "मोडला तर त्याला ब्रेक म्हणतात. हे ब्रेक नाही. हात सगळाच्या सगळा आहे. पण त्याला काही करता येत नाही. ह्याला एनर्व्हेट म्हणतात. नर्व्हुस म्हणजे आतली दोरी, ती बाहेर काढायची. तुम्ही तुमचं मनगट धरा आणि बोटं हलवा, म्हणजे कळेल."

आणि सभागृहातल्या सगळ्या माणसांनी आपापलं मनगट धरलं. पूलवाल्यांनी धरलं, सेक्रेटरींनी धरलं. फाटकावरचे कारकून दारात उभे होते, त्यांनीही धरलं. एवढी मोठी माणसं स्वतःचं मनगट धरून बोटं हलवताहेत, आणि समोर एक चिमुरडी उभी. मीही पायरीवर बसल्या बसल्या धरलं.

"नर्व्हस शब्द पण ह्याच्यातूनच आला," ती म्हणाली. "पूर्वी दोऱ्या घट्ट असलेल्याला नर्व्हस म्हणायचे. म्हणजे दमदार. मी आत्ता खूप नर्व्हस आहे."

लोकांनी मनगटं सोडली आणि टाळ्या वाजवल्या. बाईंनी पुढे येऊन विचारलं, "मग हा हात आता पुन्हा चांगला होईल का गं?"

"हो. दोरे परत घालायचे."

"कोण घालणार? आजोबा?"

मुंगीनं माझ्याकडे पाहिलं. मी चादर खांद्यावरून काढत होतो.

"नाही, मीच घालीन," ती समजुतीच्या स्वरात म्हणाली. "आजोबांनी केलं की खूप माणसं येतात."

यावर जो हशा पिकला, त्याबद्दल मी काही लिहू इच्छित नाही. आमची ही सगळ्यांत मोठ्यानं हसली, एवढंच नमूद करतो.

मोठा हात आम्ही परत आणला. तो मोडत नाही, जळणात घेता येत नाही, भंगारवाला नको म्हणतो. सध्या तो इमारतीच्या प्रवेशद्वारात उभा आहे. त्याच्या बोटांवर लोक छत्र्या आणि हेल्मेटं अडकवतात, आणि तर्जनीवर सेक्रेटरी सूचना लावतात. पूलवाले पाहुण्यांना तो दाखवतात आणि दोरी ओढून बघायला सांगतात.

सभेहून घरी आलो त्या संध्याकाळी मुंगीनं सुई आणि दोरा काढला आणि लहान हात मांडीवर घेऊन बसली. मी माझ्या तत्त्वाप्रमाणे शेजारी बसलो. तिनं दोरा नळीत घातला, तो मधेच अडकला. बाहेर काढला, टोक ओलं केलं, पुन्हा घातला, दुसऱ्याच बोटात गेला. माझी बोटं शिवशिवायला लागली. आमच्या हिनं माझ्या हातात चहाचा कप दिला. नुसता दिला नाही, माझे दोन्ही हात त्याच्याभोवती धरवले.

मुंगीनं सगळे दोरे ओवले. एकेक ओढून पाहिला. करंगळी वाकली, मग तिच्या शेजारची, मग मधलं, मग तर्जनी. शेवटी तिनं अंगठ्याचा दोरा ओढला. अंगठा उलट्या बाजूला वळला.

मी तोंड उघडलं.

"चहा घ्या," ही म्हणाली.

मी चहा घेतला.